सव्वापाच अंगुळं

दिनू,

तुझ्या तेराव्याला ती गोष्ट पुन्हा सांगितली गेली. पंगत बसली होती, आमटी दुसऱ्यांदा फिरत होती, आणि तुझी मंजू डोळे पुसता पुसता अगदी तुझ्यासारखी एक भुवई वर करून म्हणाली, "बाबा काय सांगायचे? सारनाथात पहिलं चाक बुद्धाने फिरवलं आणि दुसरं आमच्या शकूर मिस्त्रीने!"

सगळे हसले. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात मोठ्याने हसू आलं. काशीच्या रामघाटावर असं एकही मराठी घर नसेल जिथे ही गोष्ट ठाऊक नाही. दिनकररावांची ती दोन सीटांची गाडी, तिला हौसेने आणलेली हलकी चाकं, नट आवळायला विसरलेला मिस्त्री आणि गाडीच्या पुढे पळत गेलेलं चाक. तूच सांगून सांगून ती इतकी घोटली होतीस की ऐकणाऱ्याला शकूरचा रागसुद्धा यायचा नाही, फक्त हसू यायचं.

मी हातातला घास पानात ठेवला आणि म्हणालो, "ते दुसरं चाक शकूरने नव्हतं फिरवलं. मी फिरवलं."

कोणाला काही कळलं नाही. वाढणाऱ्याने विचारलं, "काका, भात?" मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. जे त्या पंगतीला सांगितलं ते तुला सांगायचं राहिलं. तीस वर्षं तू हाताच्या अंतरावर होतास, तरी राहिलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

गाडी तू भदोहीच्या एका गालिचेवाल्याच्या कोठीतून आणलीस. तिथे ती गोठ्यात उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने, तेही रामघाटावर राहणाऱ्या, गाडी घ्यावी हेच मुळात नवल. आपल्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. तुझी गाडी जन्मभर कमच्छ्याच्या त्या भाड्याच्या शेडमध्ये राहिली आणि तू जन्मभर तिला भेटायला रिक्षाने गेलास. तुझी आई म्हणाली, "मला नाही का दाखवणार?" तर तू काय केलंस? स्टिअरिंग खोललंस, पिशवीत घातलंस आणि जिने चढून तिच्यापुढे आणून ठेवलंस. तिने त्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि मला विचारलं, "बाकीची गाडी पण अशीच गोल आहे का रे?"

मला पहिल्यांदा बसवलंस तेव्हा मी धोतरात होतो. गाडी इतकी बुटकी की पाटावर बसल्यासारखं वाटलं. लंका मोहल्ल्यातल्या रस्त्यावर एक गाय आपल्याकडे वरून खाली बघत होती. तू ओरडलास, "कसं वाटतंय गुरू?" मी म्हटलं, "जेवायला बसल्यासारखं. वाढतंय कोण?" तू इतका हसलास की रिक्षावर आदळता आदळता वाचलास.

त्या गाडीत जीव आणला तो शकूरने. लहुराबीरच्या त्याच्या कारखान्यात ट्रकांचं काम चालायचं, पण शुक्रवारी नमाज झाली की तो तुझ्या शेडमध्ये यायचा. तुम्ही दोघं गाडीखाली, मी खुर्चीवर, तिघांत मातीच्या कुल्हडातला चहा. मला हात लावू द्यायचा नाही. "पंडितजी, आप मंतर पढ़ीं, पाना हम चलाइब." पंधराएक वर्षं हे चाललं. तुझ्या माझ्या मैत्रीत तो कधी तिसरा वाटला नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहितोय, कारण नंतर काय मोडलं ते त्यावरून कळतं.

मग तुला हलक्या चाकांचं खूळ लागलं. गाडीची मूळची चाकं लोखंडी. एकदा एक चाक काढून तू विश्वेश्वरगंजच्या मसालेबाजारात नेलंस आणि जिऱ्याच्या काट्यावर वजन करवून घेतलंस. सात किलो. जिरेवाला म्हणाला, "बाबूजी, ई कवन मसाला हौ?" परत येताना चाक माझ्या मांडीवर होतं आणि तू शिकवत होतास. गाडीच्या अंगावरचं वजन वेगळं आणि पायातलं वेगळं. डोक्यावर पागोटं कितीही जड असू दे, माणूस चालतो. पायातले जोडे जड झाले की थकतो. ॲल्युमिनियमची चाकं साडेचार किलोची मिळतात म्हणालास. चार चाकांत दहा किलो उतरलं की गाडी खड्ड्यातून उडी मारून बाहेर येईल, वळणावर ऐकेल, ब्रेकला लगेच थांबेल.

पण जुन्या गाडीला कोणतीही चाकं चालत नाहीत, हेही तूच शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवलंस. चार बोल्ट एका वर्तुळावर असतात, त्या वर्तुळाचं माप जुळायला हवं. मधलं भोक जुळायला हवं. चाक किती आत बसतं, किती बाहेर येतं ते बघायला हवं, नाहीतर टायर मडगार्डला घासेल. शकूर बाजूला बसून ऐकत होता. तो म्हणाला, "बाकी सब घिस-घास के बइठ जाई बाबूजी. बोल्ट वाला नाप में बाल भर के फरक ना चली." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. लक्षात ठेव.

तू भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलास आणि तिथे एका दुकानात तुला ती चाकं दिसली. सकाळी माझ्या पाठशाळेच्या फोनवर तुझा आवाज आला. "विन्या, संध्याकाळची गाडी आहे माझी. दुपारी दोनला परत फोन करतो. शेडची चावी तुझ्याकडे आहे. पुढच्या एका चाकाचं पत्र्याचं झाकण काढ, हाताने निघतं, आणि समोरासमोरच्या दोन बोल्टांतलं अंतर मोज. एकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत, म्हणजे मध्य ते मध्य आपोआप येतं. टेप शकूरकडे आहे."

टेप शकूरकडे होता. लहुराबीरला. रामघाटावरून चालत मैदागिन, तिथून रिक्षाने लहुराबीर, तिथून कमच्छा. ऊन होतं, हे खरं. पण उन्हाचं कारण खोटं आहे, दिनू. मला मिस्त्रीकडे मापाची वस्तू मागायला जायचं नव्हतं. तुला आमचं घर माहीत आहे. चार पिढ्या आम्ही यज्ञकुंडं बांधत आलो. काशीत मोठा याग असला की वेदी मापायला आमच्या घरचा माणूस लागायचा. ज्या शेडमध्ये मला पाना धरू द्यायचे नाहीत तिथे निदान माप तरी मी माझं घेईन, असं काहीतरी माझ्या मनात होतं. मी खुंटीवरची माझी काठी पिशवीत टाकली आणि निघालो.

काठी म्हणजे चोवीस अंगुळांची, एक हाताची. चोवीस अंगुळं म्हणजे अठरा इंच, म्हणजे एक अंगुळ पाऊण इंच, हा हिशेब आम्हाला मुंजीपासून पाठ. मी शेडमध्ये गुडघे टेकून बसलो. सुताचा दोरा ताणून धरला, एका बोल्टाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत. तीनदा घेतला. काठीवर ठेवला. तिन्ही वेळा सव्वापाच अंगुळं, केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. सव्वापाचाला पाऊण इंचाने गुणलं की चार इंचाला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कमी. मला आनंद झाला. असं स्वच्छ माप शकूरच्या टेपानेही निघालं नसतं, असं वाटलं.

दोन वाजता तुझा फोन आला. मी सांगितलं, "चारला अर्धा सूत कमी."

तू म्हणालास, "इंग्रजी गाडी आहे रे. पूर्ण चार तर नाही?"

"नाही. चारला अर्धा सूत कमी. आमच्या घरी माप चुकत नाही."

"टेपने घेतलंस ना?"

"हो."

एवढंच. एक अक्षर. मागे दुकानदाराचा आवाज आला, अर्धा सूत कमी म्हणजे बरोब्बर शंभर मिलिमीटर, हे तर चालतं माप, आहे माझ्याकडे. तू खूश झालास. माझ्या चुकीचा आकडा असा नेमका जाऊन दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या खऱ्या मापावर बसला. दोन-चार मिलिमीटर आणखी चुकलो असतो तर दुकानदाराने 'असं माप नसतं' म्हणून फोन ठेवायला लावला असता.

चाकं आली. चंदेरी, पातळ आऱ्यांची. तू एक चाक एका बोटावर उचलून मला दाखवलंस. शकूरने ती चढवली आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "बाबूजी, पहिया चढ़ त गइल, बाकी मन से ना चढ़ल हौ. बोल्ट तनी तिरछा होत हउवन."

तू म्हणालास, "पंडितजी ने टेप से नापा है, शकूर. नया माल है, थोडा कसकर बैठेगा ही."

मी खुर्चीवर होतो. शकूरने माझ्याकडे बघितलं आणि पाना उचलला.

सारनाथच्या रस्त्याचं मी लिहीत नाही, ते तू इतक्यांदा सांगितलं आहेस. स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हा तू म्हणालास, "रस्ता खराब आहे." मग काहीतरी काडकन मोडलं आणि आपलं पुढचं चाक आपल्याला ओलांडून एकटंच पुढे गेलं. आपण तुरीच्या शेतात. तुझ्या खांद्याचं हाड मोडलं, मला खरचटलंसुद्धा नाही. गोष्टीत तू हे कधी सांगितलं नाहीस की शेतात पडल्या पडल्या तुझा पहिला शब्द "विन्या?" असा होता.

दुसऱ्या दिवशी घरी मी सहज पिशवीतली काठी खुंटीला लावायला गेलो. खुंटीवर आधीच एक काठी होती, माझी नेहमीची अठरा इंची. दोन्ही शेजारी धरल्या. पिशवीतली पाव इंचाहून थोडी जास्त लांब.

तुला हे पुरतं कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी अंगुळ यजमानाचं असतं. ज्याचा याग त्याचं अंग मापायचं, दोन्ही हात वर करून उभं करायचं, त्या उंचीचे एकशेवीस भाग करायचे, तो एक भाग म्हणजे त्याचं अंगुळ. त्या मापाची काठी त्या यागापुरती. याग संपला की ती अग्नीला द्यायची, कारण पुढचा यजमान वेगळ्या अंगाचा असतो. वडिलांनी मला पहिली शिकवलेली गोष्ट ही. आणि त्या आधीच्या महिन्यात मी सहा फुटी यजमानाचा याग केला होता आणि त्याची काठी चांगल्या सागाची म्हणून ठेवून दिली होती. शेडमध्ये नेली ती हीच. टोकाला त्या यजमानाची खूण कोरलेली होती, मी बघितलीही नव्हती. मोजणं चुकलं नव्हतं, दिनू. मी तुझी गाडी दुसऱ्याच माणसाच्या अंगाने मोजली होती. तुझे बोल्ट पूर्ण चार इंचांवर होते, आणि चाकं त्यांना जवळजवळ दोन मिलिमीटर आत ओढत होती.

हे मला कळलं तेव्हा अजून काही बिघडलं नव्हतं. हाड जुळणार होतं, गाडी दुरुस्त होणार होती. तू हसला असतास. चार दिवस शिव्या दिल्या असत्यास आणि मग हीच गोष्ट तू माझ्या नावाने सांगितली असतीस. मी येणारच होतो सांगायला. आलो तेव्हा शकूर तुझ्याकडे आधीच बसलेला होता. अमरूद घेऊन आला होता, ते पेरू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेले.

तू पलंगावरून म्हणालास, "शकूर, एक बार नट फिर से देख लिए होते तो?"

"बाबूजी, हम चारों पहिया दू-दू बेर कसले रहलीं."

"मग माप चुकलं होतं का?" तू चिडून मराठीतच बोलायला लागलास. "पंडितजींनी स्वतः घेतलंय. टेपने."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी अमरूदांकडे बघत राहिलो. त्यातल्या एकाला देठाशी पान होतं.

शकूर उठला. हळूच म्हणाला, "पंडितजी नपले हउवन त नाप सही होई. खोट हमरे हाथ में होई." खिशातून शेडची किल्ली काढली, अमरूदांजवळ ठेवली, सलाम केला आणि जिना उतरला. त्याने माझी ग्वाही दिली, दिनू. माझ्याविरुद्ध त्याच्याकडे सगळं होतं आणि तो माझ्या बाजूने बोलून गेला. तू म्हणालास, "जाऊ दे. येईल शुक्रवारी." तो आला नाही. तू बोलावलं नाहीस. मीही नाही.

नंतर तू ती गोष्ट सांगायला लागलास, आणि मी प्रत्येक वेळी तुझ्याशी भांडायचो. मिस्त्री विसरला कशावरून? बोल्ट जुने नसतील? धातू खराब नसेल? तू वैतागून म्हणायचास, "तुला त्या शकूरचा एवढा पुळका का रे?" आपला हा वाद तीस वर्षं चालला आणि त्यात प्रत्येक वेळी तू जिंकलास, कारण मी माझा एकमेव पुरावा खिशातून काढत नव्हतो. काठी मी अग्नीला दिली नाही. का ते ठाऊक नाही. दोन्ही काठ्या तिथेच राहिल्या.

मला सगळ्यात जास्त काय खुपत होतं ते सांगतो. चाक निखळलं ते नाही. तू सरळ माणूस. बँकेत शिपायावर खोटा आळ आला तेव्हा साहेबाशी भांडलेला. अशा तुझ्या तोंडून तीस वर्षं एका निर्दोष माणसाची चेष्टा होत राहिली, आणि तुला माहीतही नव्हतं की तू अन्याय करतोयस. तो माझा अन्याय होता, फक्त तुझ्या आवाजात. माझी सुधा गेली तेव्हा तू महिनाभर रोज सकाळी मला घेऊन अहिल्याबाई घाटापर्यंत चालत जायचास, एक शब्द न बोलता. मला दर पावलाला वाटायचं, आज सांगू. आणि वाटायचं, आज नको, आज तो इतका चांगला वागतोय.

गेल्या हिवाळ्यात, तू अंथरुणाला खिळल्यावर, एकदा म्हणालास, "शकूरला बोलावशील का रे? एकदा बघावंसं वाटतंय." मी म्हणालो, "तो लहुराबीर सोडून गेला म्हणतात. कुठे ते कोणाला ठाऊक नाही."

तो लहुराबीरलाच होता. महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे जाताना मी त्याच्या दुकानावरून जायचो. अर्धं शटर वर असायचं आणि आत स्टुलावर तो बसलेला दिसायचा. पहिलं खोटं घाईत निघालं होतं. हे दुसरं मी नीट विचार करून बोललो. याची माफी मी मागत नाही, कारण ती देणारा नाही. फक्त लिहून ठेवतो.

तर तेराव्याला हे सगळं मी पानावर बसून सांगितलं. मग मंजू म्हणाली, "काका, काठीने? मोटारीचं माप काठीने?" आणि तिला हसू फुटलं. अगदी तुझं, पोटातून येणारं. हसता हसता रडली, आणि मग तोंड पुसून एकदम विचारलं, "मग त्या मिस्त्रींना आज जेवायला बोलावलं का कोणी?"

कोणी बोलावलं नव्हतं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "आता भात घ्या तुम्ही." मी त्या दिवशी तीनदा भात घेतला, दिनू. माझ्या वयाला शोभणार नाही इतका जेवलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही लहुराबीरला गेलो, मंजू, मी आणि पिशवीत काठी. शकूर आता बराच वाकलाय, दाढी पांढरी झालीय, पण हात तेच. तुझी बातमी त्याला कळली होती. मंजूला बघून म्हणाला, "बाबूजी के बिटिया हऊ? नाक ओनही के हौ." मला स्टूल दिलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, हिंदीत, वाक्य मोडत. काठी त्याच्या हातात दिली.

त्याने ती उलटीपालटी करून बघितली. मग, "लकड़ी से, पंडितजी? लकड़ी से नपलीं?"

"हो. हाँ."

"ई कवने जजमान के हौ?"

"थे एक. बहुत लंबे थे. छह फुट."

"त पहिया ओनही के गाड़ी में लगावे के रहल."

मंजू हसली, मी हसलो, तो हसला नाही. काठी मांडीवर ठेवून म्हणाला, "ओह दिन आप अमरूद देखत रहलीं. हम सोचलीं, पंडितजी के अमरूद बहुत पसंद हौ." मग हात पुढे करून आम्हाला दाखवले. "तीस बरिस से हम हर नट तीन बेर कसत हईं. गाहक हँसेलन, कहेलन, मिस्त्री सठिया गइल. हमके अपने हाथ पर भरोसा ना रहल, पंडितजी."

मी वाकलो. त्याने मला मध्येच धरलं, खांद्याला, जोरात, जरा दुखेल इतक्या जोरात. "ना. माफी-वाफी बाद में. आज हमके गुस्सा हौ, गुस्सा रहे दीं. गाड़ी कहाँ हौ?"

शेडमध्ये मंजूने कापड काढलं. गाडीला तीच जुनी लोखंडी चाकं. शकूर डाव्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, चष्मा वर सरकवला आणि थांबला. प्रत्येक नटाशेजारी खडूने आकडा होता. एक, मग त्याच्या समोर दोन, मग बाजूला तीन, त्याच्या समोर चार.

"ई के लिखले हौ?"

मंजू म्हणाली, "बाबांनी. दर दसऱ्याला सगळे नट काढून परत आवळायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी खडूने आकडे घालायचे आणि त्याच क्रमाने आवळायचे."

"ई हमार गिनती हौ," शकूर म्हणाला. "आमने-सामने. पहिले आधा, फेर पूरा. हम सिखवले रहलीं." तो चारही चाकांभोवती फिरला. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून बघितलं, पुसला जाणार नाही असं. ज्याला तू भर पंगतीत विसराळू म्हणायचास, त्याच्याच पद्धतीने तू तीस दसरे नट आवळलेस. हे मला माहीत नव्हतं, शकूरला तर कुठून असणार. शेवटच्या चाकाशी त्याने डोळे टिपले आणि मला म्हणाला, "बाबूजी जानत रहलन कि सिखवले वाला सही रहल. मुँह से भले कुछ कहें."

मग त्याचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याने चहा मागवला. तिघांसाठी.

मंजूने तिथेच ठरवलं, गाडी विकायची नाही. तिथूनच तिने पुण्याला फोन करून विचारलं, जुन्या इंग्रजी गाड्यांच्या मापाची हलकी चाकं आता करून मिळतात. "बाबांना हवी होती तशी. फक्त माप नीट द्या म्हणतायत." शकूर म्हणाला, "अबकी नाप हम लेब. पंडितजी सिरिफ फीता पकड़िहन." त्याने चाक काढलं. मी धोतर सावरून खाली बसलो आणि टेपचं टोक एका बोल्टाच्या बाहेरच्या कडेला धरलं. पंधरा वर्षं मला त्या शेडमध्ये काही धरू दिलं नव्हतं, हेही मी त्याला ऐकवलं. "अब्बो सिरिफ फीता धइले हईं आप," तो म्हणाला, "पाना ना देब." मग मधलं भोक मोजलं, रुंदी मोजली, चाक आत किती आणि बाहेर किती तेही मोजलं. मंजूने सगळं लिहून घेतलं आणि त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

काठी त्याने मागून घेतली. दुकानात टांगणार म्हणाला, कोणी अंदाजाने माप घेऊन आला की दाखवायला. वडिलांच्या नियमाने ती अग्नीला जायला हवी होती. पण मला वाटतं तिथेही ती ठीक आहे.

आता तुझं एक उत्तर राहिलंय. तू फोनवर विचारलं होतंस, पूर्ण चार तर नाही? आणि मी घाई केली. दिनू, माप परत घेतलं. टेपने घेतलं. शकूरने वाचलं, मी वाचलं, मंजूने वाचलं. लिहून घे.

पूर्ण चार.

तुझा,
विन्या